जिद्दीचे मैदान कोणते?

मुंबईच्या उपनगरांतील घराघरांत दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस एक लहानसा विधी पार पडतो. त्याला मुहूर्त नसतो की पाहुणे नसतात. मुलगा नववीतून दहावीत जातो आणि अंधेरीच्या, बोरिवलीच्या, मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या दोन खोल्यांच्या घरात त्याची किटबॅग माळ्यावर चढते. फुटबॉल खेळणाऱ्याचे बूट वर्तमानपत्रात गुंडाळले जातात, कबड्डी खेळणाऱ्याला सायंकाळी मैदानावर जाऊ नकोस म्हणून बजावले जाते. मुलगी असेल तर हा विधी बहुधा एकदोन वर्षे आधीच उरकलेला असतो. अशा वेळी घरातील कोणी वडीलधारे माणूस, शाळेतील एखादे सर, क्वचित धर्मग्रामातील फादरही मुलाच्या पाठीवर हात ठेवून सांगतात, "मैदानावर जी जिद्द दाखवलीस, तीच आता अभ्यासात दाखव."

सल्ला वडिलकीचा आहे आणि त्यामागील कळकळही खरी आहे. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे, आणि ते तपासून पाहण्याची तसदी आपण सहसा घेत नाही. जिद्द ही जणू विहिरीच्या पाण्यासारखी वस्तू आहे, पाट इकडचा तिकडे वळवला की ती एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाईल, असे आपण धरून चालतो. हे खरे आहे काय? मैदानावर ज्या प्रेरणेने मुलगा पहाटे पाचला उठतो, ती प्रेरणा जशीच्या तशी बीजगणिताच्या वहीवर नेऊन ठेवता येते काय? आणि येत असली, तर ती तशी नेऊन ठेवणे इष्ट आहे काय? प्रश्न एका मुलाच्या गुणांपुरता नाही. स्पर्धेच्या भावनेचे काय करायचे, हा मनुष्याच्या नैतिक जीवनातील एक जुना प्रश्न आहे, आणि आपल्या उपनगरांत तो दरवर्षी हजारो पंधरा वर्षांच्या मुलामुलींपुढे उभा राहतो.

या बाबतीत आपली भाषा आपल्यापेक्षा शहाणी आहे असे म्हणावेसे वाटते. 'जिद्द' हा शब्द मूळचा अरबी. विरोध, विरुद्ध बाजू असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे ज्याला जिद्द करायची त्याच्यासमोर कोणीतरी उभे असणे आवश्यक होते. मराठीत रुळता रुळता या शब्दाने तो समोरचा माणूस हळूहळू गाळून टाकला. 'विधवा बाईने जिद्दीने मुलांना शिकवले' असे आपण म्हणतो, तेव्हा तिने कोणाला हरवले असे आपल्या मनात येत नाही. 'ईर्षा' या शब्दाचेही तसेच झाले. संस्कृतातील ईर्ष्या म्हणजे दुसऱ्याचे चांगले न साहणे. मराठीत मात्र 'ईर्षेने पेटून उठला' हे वाक्य आपण कौतुकाने उच्चारतो. 'चुरस' तर निखळ मैदानी शब्द, त्यात द्वेषाचा लवलेश नाही. या तिन्ही शब्दांना मराठी माणसाने धुऊन घेतले. 'मत्सर' मात्र त्याने तसाच ठेवला आणि षड्रिपूंच्या पंगतीत शेवटी बसवला.

हा भेद तत्त्वचिंतकांनीही केला आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात दोन प्रकारच्या दुःखांचे वर्णन केले आहे. शेजाऱ्याजवळ एखादी चांगली गोष्ट आहे आणि माझ्याजवळ ती नाही, याचे एकाला दुःख होते. दुसऱ्याला दुःख होते ते शेजाऱ्याजवळ ती आहे याचेच. पहिला स्वतःला त्या गोष्टीस पात्र करण्याच्या मागे लागतो, तर दुसरा ती शेजाऱ्याकडून कशी जाईल याच्या विवंचनेत राहतो. संत थॉमस अक्वायनस यांनी मत्सराचा विचार करताना हाच भेद स्वीकारला आणि सद्गुणांच्या बाबतीत पहिल्या प्रकारची ओढ स्तुत्य मानली. वरून पाहता दोन्ही माणसे सारखीच अस्वस्थ दिसतात, दोघेही रात्री जागतात, दोघेही कष्ट करतात. दोघे कोणत्या दिशेने निघाले आहेत हे पुष्कळदा वर्षानुवर्षे उमगत नाही.

आता मैदान या प्रेरणेला काय शिकवते ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे, जिच्याशी वाद घालता येत नाही अशा धावफलकापुढे ते मुलाला उभे करते. घरात मुलगा आईशी हुज्जत घालील, शाळेत 'पेपर अवघड होता' म्हणेल. परंतु मधली दांडी उडाली की मागे वळून चालू लागण्यावाचून गत्यंतर नसते. दुसरी गोष्ट म्हणजे सराव. एकच चेंडू, एकच फटका, एकच चढाई शेकडो वेळा करण्यात लाज नाही, उलट तीच प्रतिष्ठा आहे, हे ज्ञान मुलाला मैदानावर जितके सहज मिळते तितके वर्गात मिळत नाही. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. खेळात प्रतिस्पर्धी हा अडथळा असतो, तसाच तो उपकारकर्ताही असतो. तो नसेल तर सामनाच नाही. म्हणून तर सामना संपल्यावर त्याचा हात हातात घ्यायचा असतो. आणि चौथी गोष्ट ही की सामना संपतो. शिट्टी वाजते, यष्ट्या उपटल्या जातात, हार आणि जीत दोन्ही त्या हिरव्या चौकोनात ठेवून मुले वडापावच्या गाडीकडे वळतात.

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये या शिक्षणाचे एक ठळक उदाहरण घडले. मात्र त्याची एकच बाजू आपल्याला पाठ आहे. 1988 च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्ड स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अभंग भागीदारी केली. एक 326 वर नाबाद, दुसरा 349 वर नाबाद. कौतुक सारे त्या दोघांचे झाले, आणि ते यथायोग्यच होते. परंतु त्या मैदानावर आणखी अकरा मुले उन्हात उभी होती, याचा आपल्याला विसर पडतो. ती सेंट झेवियर्स शाळेची मुले होती. त्यांच्यापैकी साईराज बहुतुले या फिरकी गोलंदाजाने 182 धावा दिल्या आणि त्याला एकही बळी मिळाला नाही. त्या वयातील मुलाने दुसऱ्या दिवशी चेंडू फेकून दिला असता तरी कोणी त्याला नावे ठेवली नसती. हाच मुलगा पुढे प्रथम श्रेणीच्या सामन्यांत सहाशेहून अधिक बळी घेता झाला आणि 2001 मध्ये भारताच्या कसोटी संघात खेळला. शंभर यशांनी जे शिकवले नसते ते त्या दिवसाने त्याला शिकवले, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. ते त्याचे त्याला ठाऊक. परंतु इतक्या उघड आणि निःसंदिग्ध पराभवानंतरही माणूस दुसऱ्या दिवशी सरावाला येऊ शकतो, हे त्या प्रसंगाने इतरांना तरी दाखवून दिले. अभ्यासात न्यायची असेल तर मैदानावरची हीच शिदोरी न्यावी.

मैदानावरून अभ्यासाकडे आणि पुन्हा मैदानाकडे, असा पूर्ण प्रवास केलेला एक मुलगा आपल्याच उपनगरांतला आहे. सौरभ नेत्रावळकर याचा जन्म 1991 चा, वाढ मालाडमधली. डावखुरा मध्यमगती गोलंदाज. 2010 साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला आणि त्या स्पर्धेत भारताचे सर्वाधिक बळी त्याच्याच नावावर लागले. के. एल. राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट हे त्या संघातील त्याचे सोबती. त्याच काळात अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये त्याचे संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण चालू होते. 2013 मध्ये पदवी हाती आली. पुढील दोन वर्षे त्याने क्रिकेटला दिली. मुंबईकडून रणजी करंडकाचा एक सामना मिळाला. एकच. मुंबईच्या संघात जागा अकरा; त्या अकरांसाठी विरार ते कुलाबा आणि कल्याण ते भायखळा एवढ्या पट्ट्यातील प्रत्येक मैदानावर कोणी ना कोणी मुलगा घाम गाळत असतो. 2015 साली त्याने निर्णय घेतला आणि संगणकशास्त्रातील उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेला. तेथून ओरॅकल या कंपनीत अभियंता झाला.

येथवरची गोष्ट उपनगरातील कोणत्याही हुशार मुलाची असू शकते. परंतु दोन तपशील लक्षात घेण्याजोगे आहेत. अमेरिकेस जाण्यापूर्वी त्याने क्रिकेटपटूंना आपल्या कामगिरीचे विश्लेषण करता यावे म्हणून एक संगणकीय ॲप तयार केले होते, आणि विद्यापीठातील प्रवेशासाठी ते त्याच्या उपयोगी पडले. म्हणजे खेळाकडे पाठ फिरवून तो अभ्यासाकडे वळला नाही, तर खेळाविषयीचे प्रश्न बरोबर घेऊनच तो तिकडे गेला. चेंडू टाकणाऱ्याचे कुतूहल आकडे मांडणाऱ्याच्या कामी आले. दुसरा तपशील असा की अमेरिकेत त्याने चेंडू पुन्हा हाती घेतला, त्या देशाच्या संघात आला आणि काही काळ त्याचा कर्णधारही झाला. 6 जून 2024 रोजी टेक्सासमध्ये डॅलसजवळ ट्वेन्टी-ट्वेन्टी विश्वचषकाच्या सामन्यात अमेरिका आणि पाकिस्तान दोघांच्याही 159 धावा झाल्या. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेने 18 धावा केल्या. उत्तरादाखल पाकिस्तानला 13 वर रोखणारे षटक या मालाडच्या अभियंत्याने टाकले. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये भारताविरुद्ध त्याने विराट कोहली आणि रोहित शर्मा या दोघांना बाद केले. रोहित बोरिवलीचा. पश्चिम रेल्वेवर मालाड आणि बोरिवली यांच्यामध्ये एक कांदिवली तेवढे स्थानक आहे. एकाला खेळाने आपल्यापाशी ठेवून घेतले, दुसऱ्याला जाऊ दिले. आणि दोघांची गाठ सातासमुद्रापलीकडे पडली.

अशी हकीकत सांगताना एक धोका संभवतो. ऐकणारा म्हणतो, "पाहा, अभ्यास केला तर खेळही परत मिळतो." हा निष्कर्ष काढणे म्हणजे मुलाची फसवणूक करणे होय. बहुतेकांना खेळ अशा थाटात परत मिळत नाही. तेव्हा स्वतःला असा प्रश्न विचारून पाहावा: डॅलसचा तो दिवस उगवलाच नसता तर 2015 मधील तो निर्णय चुकीचा ठरला असता काय? मला वाटते, मुळीच नाही. त्या निर्णयाचे मोल तो घेतला गेला तेव्हाच ठरलेले होते. दोन वर्षे मनापासून प्रयत्न केला, धावफलक काय सांगतो ते वाचले, त्याच्याशी हुज्जत घातली नाही आणि ज्या दुसऱ्या कामाची गोडी होती त्यात स्वतःला झोकून दिले. यात कोणाला हरवणे नव्हते. मैदानावरून त्याने जे उचलले ते हे होते: निकाल स्वीकारण्याची ताकद, सरावाची सवय आणि एखादी गोष्ट का घडते हे शोधण्याची भूक. समोरचा फलंदाज तेवढा मागे राहिला.

आणि प्रश्नाचे मर्म येथेच आहे. मैदानावर करंडक एकच असतो. तुम्ही तो उचलला तर मी रिकाम्या हाताने परत जाणार, हे खेळाच्या रचनेतच अनुस्यूत आहे आणि त्यात काही वाईट नाही. ज्ञानाची रचना मात्र वेगळी आहे. पायथागोरसचा सिद्धांत माझ्या शेजारच्या बाकावरील मुलाला समजला म्हणून माझ्या वाट्याचा कमी होत नाही. विद्याधन दिल्याने वाढते, असे आपण शाळेत सुभाषित म्हणून पाठ करतो. आणि नंतर त्याच शाळेत वही लपवून ठेवायला शिकतो. मैदानावरची ईर्षा समोरच्या माणसासकट वर्गात आणली की ती आंबते. चांगल्या पुस्तकाचे नाव मित्राला सांगावेसे वाटत नाही, त्याचे गुण कमी आले की मनाला हलकेसे बरे वाटते, निकालाच्या दिवशी आपल्या गुणपत्रिकेआधी दुसऱ्याची चौकशी केली जाते. प्रतिस्पर्ध्याने झेल सोडला म्हणून आनंद होणे खेळात क्षम्य आहे, तो खेळाचाच भाग आहे. मित्राला गणित सुटले नाही म्हणून आनंद होणे हा मात्र मत्सर आहे, त्याला दुसरे नाव नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. कोणी पालक म्हणतील, "हे सारे बोलायला ठीक आहे, पण वैद्यकीय महाविद्यालयातील जागा मोजक्या, आयआयटीतील जागा मोजक्या. तेथे शेजारचा मुलगा आमच्या मुलाचा प्रतिस्पर्धीच आहे." हे नाकारण्यात अर्थ नाही. किंबहुना आपल्या परीक्षांनीच आता ते आकड्यांत मान्य केले आहे. शालान्त परीक्षेतील टक्के हे मुलाने किती प्रश्नांची उत्तरे बरोबर दिली ते सांगतात. जेईई मेन आणि राज्याची सीईटी यांचा निकाल 2019 पासून पर्सेंटाइलमध्ये लागतो, आणि पर्सेंटाइलचा अर्थ वेगळा आहे. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभर परीक्षार्थींपैकी नव्वदजण तुमच्या बरोबरीने किंवा तुमच्या मागे आहेत. तुम्हाला पदार्थविज्ञान किती आले, याविषयी तो आकडा मौन पाळतो. तो आकडा तुमच्याविषयी जितका बोलतो, तितकाच इतरांविषयी बोलतो. असा आकडा ज्या घराच्या भिंतीवर वर्षभर टांगलेला असेल, त्या घरातील मुलाने शेजाऱ्याकडे मित्र म्हणून पाहावे अशी अपेक्षा करणे सोपे नाही.

तथापि या अडचणीवरील उत्तरही मैदानच देते. प्रवेशपरीक्षा हा सामना आहे, तर तो सामन्यासारखाच खेळावा. त्या तीन तासांत सर्वस्व पणाला लावावे, नियम पाळावेत, आणि शिट्टी वाजली की बाहेर यावे. सामना तीन तासांचा आहे, वर्ष सरावाचे आहे. आणि सराव कोणी एकट्याने करीत नाही. नेटमध्ये संघातील सर्वोत्तम फलंदाजाला सर्वोत्तम गोलंदाजच चेंडू टाकतो, त्यात दोघांचेही भले असते. एका जागेसाठी झगडणारे दोन गोलंदाजही एकमेकांना चेंडू कसा धरायचा ते दाखवतात. मग एका इमारतीतील दोन मुलांनी एकत्र बसून रसायनशास्त्र का करू नये? आपण मैदानावरून चुरस तेवढी घरी आणली, संघ मात्र मैदानावरच सोडून दिला. दोष कोठे असेल तर तो येथे आहे.

शिवाय खुद्द खेळातही प्रत्येक शर्यत माणसाविरुद्ध नसते. रॉजर बॅनिस्टर हा इंग्लंडमधील वैद्यकीचा विद्यार्थी. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 1500 मीटर शर्यतीत त्याच्याकडून मोठ्या आशा होत्या. तो चौथा आला. रुग्णालयातील शिक्षण सांभाळून दुपारच्या सुट्टीत सराव करीत त्याने 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डच्या मैदानावर एक मैलाचे अंतर 3 मिनिटे 59.4 सेकंदांत पार केले. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला मनुष्य. त्या दिवशी त्याचा खरा प्रतिस्पर्धी घड्याळ होते. बरोबर धावणारे ब्रॅशर आणि चॅटवे हे दोघे त्याला वेग राखून देण्यासाठी धावत होते. दोन महिनेही झाले नाहीत तोच ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने तो विक्रम मोडला. त्याच वर्षाच्या अखेरीस बॅनिस्टरने धावणे सोडले आणि पुढील आयुष्य मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांच्या अभ्यासास वाहिले. 2018 मध्ये वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्या मैलापेक्षा वैद्यकातील आपले काम त्याला अधिक मोलाचे वाटत असे. ज्याची जिद्द मुळात घड्याळाशी होती, ती रोगाच्या कोड्याकडे वळताना अडखळली नाही. कारण दोन्ही ठिकाणी समोर माणूस नव्हता, प्रश्न होता.

संत पौलाला मैदानाची भाषा परकी नव्हती. करिंथ शहराजवळ इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत. दर दोन वर्षांनी होणाऱ्या त्या स्पर्धा तेथील लोकांच्या चांगल्या परिचयाच्या होत्या. त्याच करिंथकरांना लिहिताना त्याने धावपटूंचा आणि मल्लांचा दाखला दिला, त्यांचा संयम वाखाणला, त्यांच्या कोमेजणाऱ्या मुकुटाची आठवण करून दिली. परंतु दाखला देताना त्याने त्यात एक मोठा बदल केला, तो सहज निसटून जातो. शर्यतीत बक्षीस एकालाच मिळते हे तो मान्य करतो, आणि तरीही ज्यांना तो लिहीत आहे त्या सर्वांना तो धावायला सांगतो. तुमच्यापैकी एकानेच पुढे यावे, असे त्याला म्हणायचे नाही. त्याच्या शर्यतीत एकाने मुकुट मिळवला म्हणून दुसऱ्याचा जात नाही. धावपटूची शिस्त त्याने घेतली आणि मुकुटाची टंचाई सोडून दिली. मैदानातून काय उचलावे आणि काय तेथेच ठेवावे याचा इतका नेमका विवेक क्वचितच पाहावयास मिळतो, आणि श्रद्धेच्या बाबतीत तो जसा लागू पडतो तसा विद्येच्या बाबतीतही पडतो.

आता माळ्यावर चढलेल्या त्या किटबॅगविषयी. जिद्द वळवायची तर खेळ थांबवलाच पाहिजे, हेही आपण कोणतीही चर्चा न करता धरून चालतो. महाराष्ट्रात याचे उत्तर प्रा. दि. ब. देवधर यांनी आपल्या आयुष्याने दिले आहे. ते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. 1926 साली गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध त्यांनी मुंबईत 148 धावा केल्या. 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या वेळी त्यांनी वयाची एकोणपन्नास वर्षे पूर्ण केली होती. 1993 मध्ये ते निवर्तले तेव्हा वय एकशे एक होते. सकाळी वर्गात संस्कृत शिकवणारा आणि सायंकाळी नेटमध्ये उतरणारा हा मनुष्य एकाच जिद्दीवर जगत होता. तिला एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावण्याची गरज त्याला भासली नाही. काळ वेगळा होता, पुणे वेगळे होते, बोरिवलीहून सकाळी सात अठ्ठावीसची गाडी पकडणाऱ्या मुलाला ते सारे जमणार नाही, हे मान्य. परंतु आठवड्यातून दोन सायंकाळी तासभर मैदान मिळाले तर दहावीचे वर्ष बुडते, हे कोणी सिद्ध केले आहे?

येथे एक नैतिक मुद्दाही आहे. खेळ हा अभ्यासासाठी लागणारे इंधन आहे, एवढीच त्याची किंमत आपण मुलापुढे मांडली तर आपण खेळाचाही अपमान करतो आणि अभ्यासाचाही. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे क्रीडागुण मिळतात. ही सोय चांगल्या हेतूने झाली आहे. मैदानावर गेलेल्या वेळाची ती भरपाई आहे. पण एखादा मुलगा केवळ त्या गुणांसाठी प्रमाणपत्र गोळा करू लागला, तर त्याने खेळातून काहीच उचलले नाही असे समजावे. ज्या मुलाने बारा वर्षांचा असताना पावसाने भिजलेल्या मैदानावर, कोणी पाहत नसताना, नुसत्या आनंदासाठी चेंडू टाकला, त्यालाच पुढे एखादे अवघड प्रमेय कोणी विचारत नसताना, नुसत्या आनंदासाठी सोडवावेसे वाटण्याचा संभव आहे. निखळ आनंदाची ही ओळख हीच खेळाची सर्वांत मोठी देणगी. ती अभ्यासात पोचली तर जिद्द आपोआप पोचते. ती न पोचता जिद्द तेवढी पोचली तर मुलगा पुष्कळ गुण मिळवील आणि परीक्षा संपल्यावर पुस्तक कायमचे मिटवील.

म्हणून पंधरा वर्षांच्या मुलामुलीशी बोलताना आपण वाक्य थोडे बदलावे असे सुचवावेसे वाटते. 'तीच जिद्द अभ्यासात दाखव' एवढ्यावर न थांबता, त्या जिद्दीतले काय घ्यायचे तेही सांगावे. बाद झाल्यावर पंचांशी भांडला नाहीस, तसा चुकलेल्या उत्तराशी भांडू नकोस. कोठे चुकले ते बघ. एकच फटका दोनशे वेळा मारलास, तसे एकच उदाहरण पुन्हा पुन्हा करताना लाजू नकोस. संघातील नवख्या मुलाला पॅड बांधायला मदत केलीस, तशी वर्गातील मागे पडलेल्या मुलाला कर. निकाल लागल्यावर ज्याला तुझ्यापेक्षा अधिक मिळाले त्याच्याकडे स्वतः चालत जा आणि त्याचा हात हातात घे. आणि ज्यांना निवडीच्या यादीत नाव न आल्यामुळे खेळ सोडावा लागतो, अशा मुलांना तर हे अधिक जपून सांगावे लागेल. त्यांच्या मनात त्या क्षणी जी आग असते ती पराभवाची असते, आणि 'आता पुस्तकांत त्यांना हरवून दाखव' हे वाक्य त्या आगीत तेल ओतते. त्यांना थोडा काळ शोक करू द्यावा. प्रिय वस्तू गेल्याचे दुःख न करता दुसऱ्या कामाला लागणारे मन दिसायला कणखर दिसते, पण त्याच्या तळाशी राख राहते.

मोठ्यांनीही एक पथ्य पाळावे. इमारतीच्या जिन्यात, मंडईत, प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात भेटल्यावर दुसऱ्याच्या मुलाचे पर्सेंटाइल विचारण्याची आपली सवय मुले पाहत असतात. मैदानावर त्यांना खिलाडूवृत्ती शिकवणारे आपण, प्रेक्षक म्हणून मात्र तिचे भान ठेवत नाही. मुलांची ईर्षा पुष्कळदा मुलांची नसते. ती आईबापांनी आपल्या अपुऱ्या राहिलेल्या सामन्यांसाठी त्यांच्या हाती दिलेली असते.

स्पर्धेची भावना मनुष्यात परमेश्वराने ठेवली ती काढून टाकण्यासाठी नव्हे. तिच्याशिवाय कोणी पहाटे उठले नसते, कोणी चार मिनिटांच्या आत मैल धावले नसते, कोणी अवघड रोगाच्या मागे आयुष्यभर लागले नसते. तिच्यासमोर काय ठेवायचे, एवढेच आपल्या हाती आहे. मैदानावर तिच्यासमोर माणूस ठेवावा आणि सामना संपताच त्याला मिठी मारावी. अभ्यासात तिच्यासमोर न समजलेली गोष्ट ठेवावी, आणि ती समजून घेताना शेजारच्या बाकावरील मुलासाठी आपल्या वहीशेजारी जागा करून द्यावी.